इंजिनाची पाण्याची धार

नागपुरातल्या नंदनवन वस्तीजवळून वाहणाऱ्या नाग नदीकडे पाहून एरवी बोट कुणाच्या मनातही येत नाही. पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहरात माणसांना घरांतून बाहेर काढायला बोटी आणाव्या लागल्या. बोटीमागे अडकवायचं छोटं आउटबोर्ड इंजिन महिनोन्‌महिने पडून असलं, तरी गरजेच्या वेळी चालू व्हायलाच हवं. शिडाच्या बोटीवर संसार करणाऱ्यांचंही तेच. वारा पडला की बंदर गाठायला आधार या इंजिनाचाच.

इंजिन सुरू झालं की आधी बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार बघावी. धार आहे म्हणजे इंजिन थंड राहतंय. धार नसेल तर लगेच बंद करावं. पाणी वर ओढणारी रबरी चक्री कोरडी फिरली तर मिनिटभरातही तिची पाती फाटू शकतात. म्हणून जमिनीवर चाचणी घेताना खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवायचा. समुद्रातून वा गढूळ पुरातून आल्यावर गोड्या पाण्यावर काही मिनिटं चालवायचं; मीठ आणि गाळ आतल्या वाटा बुजवतात.

दुसरा शत्रू शिळं पेट्रोल. त्यातलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि पाणी तळाशी बसतं. ठेवून देण्याआधी पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावं. एवढी एक सवय लावली तरी बराच मनस्ताप वाचतो.

गिअर ऑइलही बघत राहावं; ते दुधाळ दिसलं, तर सील गळून पाणी आत शिरलंय.