नेली, पळवली, की गेली?

मुलीनं बापाचं घर सोडणं ही घटना एकच, पण ती सांगायला मराठीत क्रियापदांची केवढी रांग आहे! तिला सासरी धाडतात, पोचवतात, बोळवतात. दारी आलेला जावई तिला नेतो. रीत मोडली की कोणीतरी तिला पळवतो, उचलतो, फूस लावून नेतो. नाहीतर ती पळून जाते, कुणाचा हात धरून जाते, निघून जाते. वाट तीच असते. ठरवलं कोणी, हे मात्र प्रत्येक क्रियापद वेगळं सांगतं. या शब्दांचा नाद मला फार वर्षांचा आहे, आणि ते सगळे एका जागी भेटायचे असतील तर कौंडण्यपूरला जावं.

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर हे गाव आहे. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, असं मानतात. मोरेश्वर दीक्षितांनी 1960 च्या दशकात इथं उत्खनन केलं, त्यात सातवाहनकाळाच्या खुणा निघाल्या. लोपामुद्रा, दमयंती, इंदुमती, रुक्मिणी या सगळ्या विदर्भाच्या राजकन्या. त्यांतल्या रुक्मिणीकडे मला लवकर पोचायचं आहे.

त्याआधी ‘नेणं’ थोडं उलगडून पाहू. हे ‘नी’ धातूचं. ‘आ’ लावलं की आणणं. ‘परि’ लावून अग्नीभोवती नेलं की परिणय. ‘उप’ लावून गुरूजवळ नेलं की उपनयन. इंग्रजीत ‘टेक’ या एकाच क्रियापदाला घेणं आणि नेणं दोन्ही वाहावं लागतं. मराठी मात्र बोलणारा कुठं उभा आहे ते आधी पाहते. मुलीच्या आईच्या तोंडी ‘नेली’, सासूच्या तोंडी ‘आणली’. लेक देतात, सून आणतात. आणि संतांच्या मराठीत ‘नेणे’ म्हणजे जाणत नाही! नेणता, नेणिवा हे त्याच घरचे शब्द. रूप एक, नातं काहीच नाही.

आता ‘हरण’. सीताहरण, वस्त्रहरण, अपहरण आणि रुक्मिणीहरण. रावणानं सीतेला नेलं आणि कृष्णानं रुक्मिणीला, दोन्हीला शब्द एकच, हे मला कधीच पटलेलं नाही. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीनं एका ब्राह्मणाकरवी द्वारकेला धाडलेलं पत्र आहे, सात श्लोकांचं. भाऊ रुक्मी शिशुपालाशी तिचं लग्न लावायला निघालेला. त्या पत्रात प्रेम आहेच, पण त्याहून लक्षात राहते ती आखणी. अंतःपुरातून मला न्यायचं तर माझे आप्त मारावे लागतील; लग्नाच्या आदल्या दिवशी मी कुलदेवीच्या दर्शनाला नगराबाहेर येईन, तिथं ये. दिवस तिनं ठरवला, जागा तिनं ठरवली, आप्तांचा रक्तपात कसा टळेल तेही तिनंच सांगितलं. या विवाहाला शास्त्र ‘राक्षस’ म्हणतं, हे ठाऊक असून तिनं ते नाव स्वतः लिहिलं. क्रियापद निवडलं ‘उद्वह’. ‘वह्’ म्हणजे वाहून नेणं; विवाह आणि वाहन त्याच धातूचे. ‘हर’ असं तिनं लिहिलं नाही.

ते देऊळ कोणतं, यावर वऱ्हाडात दोन मतं आहेत. अमरावतीकर आपल्या अंबादेवीचं नाव घेतात, कौंडण्यपूरकर गावातल्या अंबिकेकडे बोट दाखवतात. मी गावाच्या बाजूची. हळद लागलेली मुलगी आदल्या दिवशी चाळीसेक किलोमीटर लांबच्या देवीला जाईल, हे मला काही पटत नाही.

‘हरण’ शब्दानं झाकलेल्या रुक्मिणीच्या निवडीला मराठी कवींनी मात्र फार लवकर न्याय दिला. महानुभाव कवी नरेंद्र आणि नंतर एकनाथ, दोघांनीही काव्याला नाव दिलं ‘रुक्मिणीस्वयंवर’. जिथं मंडप नाही, जमलेल्या राजांपुढून वरमाला घेऊन फिरणं नाही, त्या घटनेला स्वयंवर म्हणणं हे धाडसच. एकनाथांनी आपला ग्रंथ 1571 मध्ये काशीत पुरा केला, आणि आजही लग्न लांबलेल्या मुलीला तो वाचायला सांगतात. पण माझा जीव अडकलाय तो त्याहून जुन्या, बाईच्या रचनेत. चक्रधरांची शिष्या महदंबा हिनं तेराव्या शतकात धवळे रचले. धवळे म्हणजे लग्नात गायची वरविषयक गाणी. रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला, त्या वेळी तिनं ते गायले, आणि विषय घेतला रुक्मिणीचा. मराठीची आद्य कवयित्री ती हीच. रिद्धपूरही अमरावती जिल्ह्यातलंच, आता मराठी भाषा विद्यापीठ झालेलं. म्हणजे घटना या जिल्ह्यातली, तिला बाईनं दिलेला पहिला मराठी सूरही इथलाच! वऱ्हाडातल्या प्रत्येक शाळेत हे सांगितलं पाहिजे.

‘नेणं’ या क्रियापदाचा कीस न्यायालयातही पडलाय. एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढं 1964 मध्ये प्रश्न हाच होता. सज्ञान व्हायला थोडे दिवस उरलेल्या मुलीनं स्वतः फोन करून तरुणाला बोलावलं, त्याच्याबरोबर जाऊन लग्न नोंदवलं. त्यानं तिला ‘नेलं’ का? न्यायालयानं म्हटलं, नेणं वेगळं आणि समजूनउमजून आलेल्या मुलीला सोबत येऊ देणं वेगळं. तरुण सुटला. फोनच्या जागी पत्र ठेवून पाहा.

कौंडण्यपूरच्या घाटावर ओटीचं सामान विकणाऱ्या एका आजींनी मला सांगितलं, ‘‘इथूनच नेलं वो बाई तिले देवानं.’’ एरवी ‘देवानं नेलं’ म्हटलं की आपण पदर डोळ्याला लावतो. या गावात मात्र ते लग्नाचं वाक्य आहे, आणि आजी ते हसत म्हणाल्या. वऱ्हाडीत या क्रियापदाचा आणखी एक गोडवा आहे: ‘ने’ म्हणजे आत्ता ने, ‘नेजो’ म्हणजे पुढं, सवडीनं, आठवणीनं ने. पोरीची पाठवणी करताना ‘सांभाळून नेजो’च म्हणायचं. दिवाळीत भाऊ ‘न्याले’ येतो. माहेराहून न्यायला येणाऱ्याला जुनी मराठी ‘मूळ’ म्हणायची, आणि मूळ कधी येतंय म्हणून सासुरवाशिणी वाटेला डोळे लावून बसायच्या.

पंढरपुरात रुक्मिणीची दुसरी कथा ऐकायला मिळते. तिथं ती रुसून दिंडीरवनात निघून गेली, आणि देव तिला शोधत आला. या वेळी क्रियापद पूर्ण तिचं. आजही तिथं दोघांची मंदिरं वेगळी आहेत.

कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते; संत सदाराम महाराजांनी ती 1594 मध्ये सुरू केली अशी परंपरा आहे. सोबत माहेरचा आहेर असतो. गाव लेकीला पोचवायला जातं, म्हणून मला तिथं ‘नेणं’ म्हणवत नाही. कार्तिकात पांडुरंग स्वतः सासुरवाडीला येतो अशी श्रद्धा आहे, आणि पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला कौंडण्यपुरात दहीहंडी फुटते.  अमरावतीहून तिवसामार्गे जा, आणि घाटावरच्या बायकांशी बोला.