विश्रांती दिली म्हणजे नावड नसते

मोठ्या खेळाडूला एखाद्या सामन्यातून बाहेर ठेवले, की त्या संघाला तो क्रिकेटप्रकारच नकोसा झालाय, असा समज सर्रास होतो. पण ‘रोटेशन’ (खेळाडूंना आलटून-पालटून खेळवणे) म्हणजे पुढच्या मोठ्या कामासाठी ताकद राखणे. पेरणीच्या तोंडावर शेतकरी बैलजोडी गाडीला जुंपत नाही, तसेच. 2019चा इंग्लंडचा उन्हाळा पाहा. 14 जुलैला लॉर्ड्सवर त्यांनी विश्वचषक जिंकला आणि 1 ऑगस्टपासून ऑस्ट्रेलियाविरुद्ध अ‍ॅशेस कसोटी मालिका होती. मधल्या आयर्लंडविरुद्धच्या कसोटीत बेन स्टोक्स आणि जोस बटलर यांना विश्रांती मिळाली. इंग्लंडचा पहिला डाव 85 धावांत आटोपला, तरी आयर्लंडला 38 धावांत गुंडाळून सामना त्यांनीच जिंकला. पुढे हेडिंग्लीवर याच स्टोक्सने नाबाद 135 धावा करून अ‍ॅशेसमधला हातचा गेलेला सामना खेचून आणला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. इंग्लंडविरुद्ध आयर्लंडची ती पहिलीच कसोटी होती, तीही लॉर्ड्सवर. समोर पूर्ण ताकदीचा संघ हवा, ही त्यांच्या चाहत्यांची अपेक्षा योग्यच. पण दीड महिन्याचा विश्वचषक आणि अ‍ॅशेसच्या पाच कसोटी एकाच उन्हाळ्यात कोंबल्यावर कुणाला तरी विश्रांती द्यावीच लागते. जाब विचारायचा तर तो वेळापत्रक आखणाऱ्यांना विचारावा.