रेसरच्या बुटात असतं काय? आणि उरणच्या रस्त्यावर त्यातलं आपल्या कामाचं काय?

(ऑडिओ भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय आहे पाय. हो, पायच. हेल्मेटवर सगळे बोलतात, बोलायलाच पाहिजे. पण गव्हाण फाट्यावरून जासई, करळ फाटा करत उरणकडे येणाऱ्या बाईक जरा बघा. डावीकडे कंटेनरचा ट्रेलर, उजवीकडे कंटेनरचा ट्रेलर, मधून आपला भाऊ चाललाय. डोक्यावर हेल्मेट आहे, आणि पायात चप्पल. अटल सेतू 2024 च्या जानेवारीत सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणजे बाईकवाल्याची गाठ याच रस्त्यांशी.

आता दुसरं टोक बघा. व्यावसायिक रेसर. त्याच्या ट्रॅकवर ट्रेलर नाही, खड्डा नाही, समोरून कोणी येत नाही, पडलाच तर डॉक्टर जवळच उभा. तरी तो नडगीपर्यंत चढणारा, क्लिपा आणि झिपांनी आवळलेला बूट घातल्याशिवाय ट्रॅकवर जात नाही. का? त्याला नक्की काय वाचवायचं असतं?

हाड जुळतं, घोटा रुसतो

याचं उत्तर एका रेसरच्या गोष्टीतून नीट कळतं. ऑस्ट्रेलियाचा मिक डूहान. 1992 साली 500 सीसीच्या जागतिक स्पर्धेत तो सगळ्यांच्या खूप पुढे होता. नेदरलँड्समधल्या असेन ट्रॅकवर सरावात पडला आणि उजवा पाय मोडला. पायात रेसिंगचे बूट होतेच. पण ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली आणि पाय कापावा लागतो की काय, इथपर्यंत वेळ आली. डॉ. क्लाउडिओ कोस्टा यांनी त्याला इटलीला नेलं आणि चक्क दोन्ही पाय एकमेकांना शिवले, चांगल्या पायाचं रक्त दुखऱ्या पायाला मिळावं म्हणून! पाय वाचला. त्या वर्षीचं विजेतेपद मात्र चार गुणांनी गेलं.

खरी अडचण पुढे आली. पाय वाचला, तरी उजवा घोटा पूर्वीसारखा हलेना. आणि बाईकचा मागचा ब्रेक कुठे असतो? उजव्या पायाखाली. मग त्याच्यासाठी डाव्या हँडलवर अंगठ्याने दाबायचा मागचा ब्रेक बसवला. तो वापरत डूहान 1994 ते 1998 सलग पाच वेळा जगज्जेता झाला. तसा अंगठ्याचा ब्रेक आज मोटोजीपीतले कितीतरी रेसर वापरतात.

यात शिकण्यासारखं काय? हाड जुळतं. पण घोट्याची हालचाल एकदा गेली की ती पूर्ण परत येईलच असं नाही. डूहानला कंपनीने ब्रेक करून दिला. आपल्याला कोण देणार? घोटा आखडला तर जिना, बोटीची फळी, मांडी घालून बसणं, सगळंच अवघड होऊन बसतं.

पायावर तीन संकटं

बाईकवरून पडल्यावर पायाला तीन प्रकारे मार बसतो.

एक, चिरडणं. बाईक दीड-दोनशे किलोची. ती आडवी झाली की पाय तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये सापडतो.

दोन, पिळणं. पाय एका जागी अडकतो आणि अंग पुढे जातं. आपला घोटा वर-खाली छान हलतो, पण आडवा थोडासाच वळतो. त्यापलीकडे गेला की आधी शिरा ताणतात, मग तुटतात, मग हाड.

तीन, खरचटणं. हा शब्द फार सौम्य आहे खरं तर. डांबर म्हणजे खरखरीत कानस. घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं हात लावून बघा. वर मांस आहे का? नुसती कातडी. घसरत गेलात तर हाडापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

रेसिंगचा बूट या तिन्हींसाठी बनवलेला असतो. पण त्याची खरी करामत दुसऱ्या संकटाशी आहे. नुसता कडक बूट करणं सोपं. कडक बुटात गिअर कसा टाकणार? म्हणून घोट्यापाशी बिजागरीसारखी रचना असते. पाय वर-खाली मोकळा हलतो, पण आडवा जायला लागला की बूट अडवतो. योग्य दिशेला सोडायचं, चुकीच्या दिशेला धरायचं, एवढंच त्याचं तत्त्व.

टाचेला कडक वाटी असते. तळात पट्टी असते, म्हणजे सोल दबून पाय चिमटत नाही. रोड रेसिंगच्या बुटाला बोटांच्या बाहेरच्या बाजूला एक छोटा तुकडा स्क्रूने बसवलेला असतो. मोटोजीपीची बाईक वळणावर 60 अंशांहून जास्त कलते, पाय जमिनीला घासतो, तेव्हा झिजायचं काम हा तुकडा करतो. झिजला की बदलायचा.

मोटोक्रॉसचा बूट वेगळा. तो जास्त उंच, जास्त कडक, बाहेरून बकलं. कारण तिथे संकट वेगळं. 2024 च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मातीच्या उंचवट्यावरून बाईक हवेत जाते आणि खाली येताना सगळा भार फूटपेगवर उभ्या असलेल्या पायांवर येतो. वळणावर पाय बाहेर काढून पुढे धरतात, तो मातीच्या चरात अडकला की पिळलाच. म्हणून तिथे नडगीवरही ढाल लागते.

डोंगरातून ट्रॅकवर

हे बूट आले कुठून? इटलीच्या उत्तरेला आसोलो आणि मोंतेबेल्लुना हा भाग डोंगरात चालायच्या आणि बर्फावर घसरायच्या बुटांसाठी प्रसिद्ध. तिथे सान्ते माझ्झारोलो या कारागिराने 1963 मध्ये अल्पाइनस्टार्स सुरू केली. नाव ठेवलं आल्प्समधल्या एका फुलावरून. सुरुवात डोंगरी बुटांची. मग मोटोक्रॉसची लाट आली आणि त्याच्या लक्षात आलं, की घोटा घट्ट धरणारा बूट या पोरांनाही हवाय. पुढे तीच कंपनी रेसिंगमधलं मोठं नाव झाली.

मग बूट घातला की झालं?

नाही. व्हॅलेंटिनो रॉस्सी, जगातला नावाजलेला रेसर, पायात उत्तम बूट. 2010 मध्ये मुजेल्लोला पडला आणि उजव्या नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. बूट जोर गिळून टाकत नाही. तो जोर पसरवतो, काही अडवतो, काही वर सरकवतो. घोटा घट्ट धरला की पिळणारा जोर नडगीकडे, गुडघ्याकडे जातो. म्हणूनच मोटोक्रॉसवाले बुटासोबत गुडघ्याला ब्रेसही बांधतात. रॉस्सी साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा रेसला उभा राहिला, हेही खरं.

लेबलवरचे चार आकडे

बाईकचा बूट विकत घेणार असाल तर आतलं लेबल बघा. बाईकस्वाराचं छोटं चित्र आणि ईएन 13634 हा युरोपचा मानक क्रमांक. त्याखाली चार आकडे, प्रत्येक 1 किंवा 2. दोन म्हणजे जास्त चांगला. पहिला आकडा बुटाच्या उंचीचा, दुसरा घासण्याला टिकण्याचा, तिसरा कापण्याला टिकण्याचा, चौथा तळ आडवा न दबण्याचा. सोबत आयपीए असेल तर घोट्याला, आणि आयपीएस असेल तर नडगीला आघात सोसणारं संरक्षण आहे. (पोलिसातलं आयपीएस नव्हे!) नुसतं "रायडिंग बूट" असं छापलंय आणि आत यातलं काहीच नाही, तर तो दिसायला रायडिंग बूट आहे, एवढंच.

आणि आपण उरणकर?

रोज कामावर जायला रेसिंगचा बूट नको. त्यात धड चालता येत नाही, आणि एवढे पैसे घालायची गरजही नाही. पण उरणमध्ये कितीतरी घरांत एक चांगली गोष्ट आधीच पडून आहे: सेफ्टी शूज. बंदरात, कंटेनर यार्डात कामाला जाणाऱ्यांचे. आयएस 15298 चा शिक्का असलेल्या सेफ्टी शूजची पुढची टोपी 200 जूलचा आघात सोसते. पण लक्षात घ्या, तो बूट वरून बोटांवर पडणाऱ्या वजनासाठी केलाय. आडव्या पिळण्यासाठी नाही. तरी घोट्याच्या वर जाणारा, लेस घट्ट बांधलेला सेफ्टी शू चपलेपेक्षा कितीतरी बरा. फक्त जाड टोपी गिअरखाली नीट जाते ना, ते गाडी उभी असताना तपासा.

पावसाळ्यातला गमबूट? पाणी अडवतो, पण सैल असतो. पडल्यावर पायातून निघून गेला, तर वाचवणार काय?

दुकानात तीन गोष्टी करा. एक, बूट पुढून-मागून धरून ओला टॉवेल पिळतात तसा पिळा. सहज पिळला तर तुमचा पायही पिळणार. दोन, टाच अंगठ्याने दाबा. आत गेली तर ठेवून द्या. तीन, घोट्याची दोन्ही हाडं झाकली जातात का बघा. आणि लेसचं टोक आत खोचायची सवय लावा, गिअरमध्ये अडकलं तर पाय टेकवताच येत नाही.

कायद्याचं विचाराल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 129 हेल्मेटचं आहे. चपलेचं असं कलम नाही. "चप्पल घातली तर दंड" हा मेसेज 2019 मध्ये फिरला, तेव्हा गडकरींच्या कार्यालयानेच असा दंड नाही असं सांगितलं होतं. म्हणजे पायाबद्दल तुम्हाला कोणी अडवणार नाही, पावती फाडणार नाही. तो निर्णय सर्वस्वी तुमचा.

आज घरी गेलात की दारातल्या चपला-बुटांकडे एकदा बघा, पिळून बघा, आणि उद्या किल्ली घेताना त्यातला सगळ्यात कमी पिळला जाणारा जोड पायात घाला. भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा!