पिल्लू एकटं दिसलं, म्हणून पोरकं झालं का?

पावसाळा सरला की संगमेश्वर तालुक्यात बागा बेणायला काढतात. काजूखालचं रान कापताना, चिऱ्याच्या बंद पडलेल्या खाणीतली झुडपं तोडताना, गोठ्यामागच्या गवताच्या उडवीत हात घालताना कधीतरी मांजराच्या पिल्लाएवढी दोन-तीन पिल्लं नजरेला पडतात. अंगावरचे ठिपके अजून नीट सुटे झालेले नसतात, पण ती मांजराची नाहीत, बिबट्याची आहेत हे लगेच कळतं. पुढचं ठरलेलं आहे. मोबाइल निघतात, वाडी गोळा होते, पिल्लं खोक्यात जातात, कुणीतरी वाटीत दूध आणतं. संध्याकाळपर्यंत ‘आईने टाकलेल्या’ पिल्लांचे फोटो मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत पोचलेले असतात. ही पिल्लं पुढे रानात राहणार की जन्मभर पिंजऱ्यात, याचा निर्णय बहुतेकदा या पहिल्या काही तासांतच होऊन जातो. ज्याच्या हातून तो होतो त्याला त्याचा पत्ताही नसतो. वन विभागाचा माणूस येईपर्यंत जे केलं जातं, ते सगळं चांगल्या मनाने केलेलं असतं, आणि त्यातलं बरंचसं चुकीच्या समजुतींवर उभं असतं.

‘आई टाकून गेली असणार’

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. बिबट्याची मादी एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्लं घालते, पण लहान असताना त्यांना बरोबर घेऊन ती शिकारीला हिंडत नाही. त्यांना दडवून ती जाते. कधी रात्रभर, कधी त्याहूनही जास्त वेळ. जागा धोक्याची वाटली की एकेका पिल्लाला मानेला धरून दुसरीकडे हलवते. म्हणजे एकच पिल्लू सापडलं, तर बाकीची हलवून झाली आहेत आणि याच्यासाठी ती परत येणार आहे, असंही असू शकतं. भेकराचं पाडस गवतात निपचित बसून असतं आणि आई मुद्दाम दूर चरते, कारण ती जवळ थांबली तर शिकारी प्राण्याला पाडसाचा माग लागेल. त्या पाडसाला ‘पळताही येत नाही बिचाऱ्याला’ म्हणून उचलून घरी आणणं म्हणजे धडधाकट आई असलेल्या पिल्लाला पोरकं करणं. शेकरू एकाच परिसरात अनेक घरटी बांधून ठेवतं. एक मोडलं तर पिल्लाला दुसऱ्यात नेता येतं, फक्त पिल्लू त्या झाडाशी असायला हवं. गव्हाणी घुबडाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच वळचणीतून खाली येतात, कावळे मागे लागतात, आणि आपण ती खोक्यात भरून गावभर दाखवतो.

वानराचं तर आणखी वेगळं. विजेच्या तारेला चिकटून किंवा महामार्गावर गाडीखाली मादी मेली आणि पिल्लू तिच्या पोटाला बिलगून राहिलं, हे दृश्य पाहवत नाही. एरवी वानरांच्या नावाने बोटं मोडणारा बागायतदारही तेव्हा विरघळतो. पण वानरांच्या टोळीत आईखेरीज इतर माद्याही पिल्लं घेतात, सांभाळतात. टोळी जवळपास असेल आणि पिल्लू अंगावर पीत नसेल इतकं मोठं असेल, तर माणसाने मागे हटून टोळीला संधी देणं हा पहिला उपाय आहे, आणि पिल्लू घरी आणणं हा शेवटचा.

या बाबतीत महाराष्ट्रातला सर्वांत मोठा अनुभव पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या बाजूचा. तिथे ऊसतोडीच्या दिवसांत फडात बिबट्याची पिल्लं सापडणं नेहमीचं. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्यक आणि वन विभाग तिथे एक साधी पद्धत वापरतात. पिल्लं तपासतात, आजारी नसतील तर दिवस मावळताना जिथे सापडली नेमक्या त्याच ठिकाणी एका खोक्यात ठेवतात, जवळ स्वयंचलित कॅमेरा लावतात आणि माणसं पूर्णपणे लांब नेतात. अंधार पडला की मादी येते, खोका आडवा करते आणि पिल्लू उचलून नेते. बहुतेकदा एक-दोन रात्रींत काम होतं. अशा अनेक भेटी कॅमेऱ्यात टिपल्या गेल्या आहेत. आपल्याकडे ऊस नाही, डोंगरउतार आणि कातळ आहे, पण मादीचं वागणं तेच आहे.

खरोखर पोरकी झालेली पिल्लंही असतात, आणि त्यांचं कारण कोकणात फार शोधावं लागत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासकीत मादी अडकते, कठडा नसलेल्या विहिरीत पडते, मुंबई-गोवा महामार्गावर गाडीखाली येते. मेलेल्या मादीचे सड दूध उतरलेले दिसले तर पिल्लं आसपास आहेत हे उघड असतं आणि त्याच दिवशी शोध घ्यावा लागतो. पिल्लू पोरकं आहे असं म्हणायचं ते आईचं शव समोर असेल तेव्हा, किंवा सापडल्या जागी रात्रीमागून रात्र वाट पाहूनही ती आली नाही तेव्हा.

‘माणसाचा हात लागला, आता आई घेणार नाही’

हे आजीपासून ऐकत आलेलं. जुन्नरकडच्या पिल्लांना पशुवैद्यकांनी हातात घेऊन आतून-बाहेरून तपासलेलं असतं, तरी आया त्यांना घेऊन गेल्या. घरट्यातून पडलेलं पाखराचं पिल्लू परत ठेवलं तरी पक्षी ते सहसा सोडत नाहीत. आईला अडवतो तो हाताचा वास नाही. पन्नास माणसं टॉर्च घेऊन भोवती उभी असतात, ती तिला अडवतात.

‘दूध तर द्यायलाच हवं’

नको. थंड पडलेल्या पिल्लाला काहीही पाजायचं नसतं. अंग गार असताना पचनच होत नाही, आणि चमच्याने किंवा ड्रॉपरने ओतलेलं दूध घशातून फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊन पिल्लू मरतं. आधी ऊब. आणि गाईचं दूध मांजरकुळातल्या पिल्लांसाठी नसतंच. त्यांच्या आईच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात. वाटीभर गाईचं दूध गेलं की जुलाब सुरू होतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी काही तासांत संपतं. यातून जगलं आणि पुढे कुणी त्याला मऊ, बिनहाडाच्या मटणावर वाढवलं, तर आणखी घोळ. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात. असं पिल्लू दिसायला गुबगुबीत असतं आणि उडी मारताना पाय मोडून घेतं. खवल्या मांजराचा तर प्रश्नच निराळा, ते मुंग्या आणि वाळवी सोडून दुसऱ्या कशाला फारसं तोंड लावत नाही. शेपटीवर पिल्लू घेऊन हिंडणारा हा प्राणी बंदिवासात टिकवणं तज्ज्ञांनाही जड जातं. घरच्या टोपलीत तो जगणार नाही.

‘आपण वाढवू, मोठं झालं की सोडून देऊ’

मला सगळ्यात धोकादायक वाटते ती ही समजूत. शिकार शिकवावी लागते म्हणून हे जमत नाही, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. हलणाऱ्या वस्तूवर झडप घालणं पिल्लात उपजतच असतं. बिबट्याचं पिल्लू साधारण तीन महिन्यांत दूध सोडतं, पण आईजवळ राहतं वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षं. एवढ्या काळात ते शिकारीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट शिकतं, ती म्हणजे माणसापासून लांब राहणं. आपल्या वाड्या विखुरलेल्या, दोन घरांमध्ये रान, आणि त्या रानातून रोज रात्री बिबट्या जातो. तरी त्याचा सहसा कुणाला उपद्रव होत नाही, याचं कारण तो माणूस दिसला की सरकतो. बाटलीने वाढवलेल्या बिबट्याकडून ही भीती आपणच काढून घेतलेली असते. तो भुकेला होईल तेव्हा माणसांकडे येईल, कारण त्याच्या लेखी खाणं माणसाकडूनच येतं. अंगणात आलेल्या अशा बिबट्याला कुणी लाडाने जवळ घेणार नाही. भेकर किंवा सांबराचा पाळलेला नरही वयात आल्यावर माणसालाच प्रतिस्पर्धी समजून शिंगं मारतो, हे पुष्कळांना नंतर कळतं.

मोठ्या मांजरांची पोरकी पिल्लं रानात परत गेल्याची उदाहरणं आहेत, पण ती कशी गेली ते पाहायला हवं. मध्य प्रदेशात कान्हाला आई गमावलेल्या दोन वाघीण बहिणी मोठ्या कुंपणात वाढवल्या गेल्या, माणसाचा लळा लागू न देता, जिवंत भक्ष्यावर. २०११ मध्ये त्यांना पन्नाच्या जंगलात सोडलं. त्यांतल्या टी-४ला पुढे पिल्लंही झाली. याउलट यवतमाळची टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, ती २०१८च्या नोव्हेंबरात मारली गेली. तिचं मादी पिल्लू पकडून पेंचमध्ये अशाच मोठ्या कुंपणात वाढवलं, मार्च २०२१ मध्ये रेडिओ कॉलर लावून जंगलात सोडलं आणि दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ते काही दिवसांतच मेलं. पद्धत जवळपास तीच. माझ्या मते फरक जागेचा होता. पन्नातले वाघ २००९पर्यंत संपलेले होते, नव्याने आणलेले मोजकेच होते, म्हणजे घर मोकळं होतं. पेंचमध्ये ते आधीच भरलेलं होतं.

‘वरती चांदोलीला नेऊन सोडा’

तालुक्याची पूर्वेची भिंत म्हणजे सह्याद्री, आणि पलीकडे चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यामुळे बिबट्या विहिरीत पडो की पिल्लू सापडो, मागणी एकच येते: एवढं जंगल आहे ना तिथे, सोडा की. पण जंगल रिकामं नसतं. तिथल्या प्रत्येक भागावर कुणाचा तरी हक्क आहे, आणि आईविना वाढलेलं वर्षाचं पिल्लू तिथल्या थोराड नरासमोर टिकत नाही.

मोठ्या बिबट्यांच्या बाबतीत हा प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातून बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं की, त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरावर गेले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये बिबट्यांबाबतच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात या उचलबांगडीला विरोध आहे. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक नर कॉलर लावून माळशेज घाटात सोडला होता. संशोधकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटलं. तो तिथे राहिलाच नाही. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालत मुंबईजवळ पोचला आणि २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली मेला. त्याच्यावर त्याच नावाचा मराठी चित्रपटही निघाला.

‘बिबट्याचं घर जंगलच’ ही समजूतही यातच येते. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या मुलखात, जिथे जंगल म्हणावं असं नव्हतं, तिथे शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. संगमेश्वरात तर काजूच्या बागा, देवरायांचं रान, नद्यांच्या घळी आणि पडीक खाणी आहेत. इथे जन्मलेल्या पिल्लाचं घर हेच.

‘मग हेमलकशाला नाही का वाढवत?’

प्रकाश आमटे हे नाव यात हमखास येतं. हेमलकशाचा त्यांचा लोक बिरादरी प्रकल्प १९७३चा. शिकारीत मेलेल्या माकडिणीचं पिल्लू आमटेंनी मागून घेतलं आणि तिथलं प्राण्यांचं घर सुरू झालं. पण तिथे प्राणी आले ते माडिया गोंडांनी भुकेपोटी मारलेल्या आयांची पिल्लं म्हणून, म्हणजे खरोखर पोरकी. आणि ती रानात परत जावीत यासाठी नव्हे, तर मरू नयेत म्हणून ठेवली. त्या कामाचं मोल त्याच्या जागी आहे. आपल्या वाडीत, जिथे आई त्याच डोंगरात फिरते आहे, तिथे त्याचा दाखला लागू पडत नाही. शिवाय बंदिवासात बिबट्या वीस वर्षंही जगतो. एका दुपारी उचललेलं पिल्लू म्हणजे कुणावर तरी वीस वर्षांच्या पिंजऱ्याची आणि रोजच्या मांसाची जबाबदारी. निवारा केंद्रांतल्या जागा मोजक्या आहेत, आणि त्या खरोखर पोरक्या किंवा अपंग झालेल्या जनावरांसाठी लागतात.

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राणी सरकारची मालमत्ता आहे. तो हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवून ताब्यात द्यावा लागतो. आणि या कायद्यात पकडणं हीसुद्धा शिकारच आहे. ‘मारलं नाही, प्रेमाने वाढवलं’ हा बचाव होत नाही. उत्तर प्रदेशात अमेठीजवळ जखमी सारस बरा करून वर्षभर सोबत वावरू देणाऱ्या तरुणाकडून २०२३ मध्ये तो पक्षी काढून घेतला, तेव्हा देशभर हळहळ झाली. मलाही त्या माणसाचं वाईट वाटलं. पण तो सारस शेवटी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला, कारण माणसाच्या मागे उडणाऱ्या पक्ष्याला सोडायला दुसरी जागा उरली नव्हती.

तेव्हा पिल्लू दिसलं तर करायचं ते एवढंच. हात न लावता मागे या आणि माणसांना मागे न्या, कुत्री बांधा. वनरक्षकाला, नाहीतर १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. आणि सांगताना नेमकं सांगा: कुठल्या बागेत, कुठल्या झाडाखाली, किती वाजता, किती पिल्लं, कुणी उचललं असेल तर कुठून कुठे नेलं. जागेची खूण म्हणून तिथे दगड रचून ठेवा किंवा फांदी रोवा. रात्री खोका ठेवायचा तो त्याच जागी, आणि चार तासांनी अंधारात तीच जागा बिनचूक दाखवणं जमतंच असं नाही.