एक पाठ, अनेक विद्यापीठे

गोदावरी महाराष्ट्राची सीमा ओलांडून तेलंगणात उतरते, त्या वळणावर बासर हे गाव आहे. तेथील सरस्वतीच्या मंदिरामुळे मराठवाड्यातील घरांना ते परके नाही. मुलांच्या अक्षराभ्यासासाठी पालक तेथे जात असतात. याच गावात २००८ साली राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाचा एक परिसर सुरू झाला. नदीच्या त्याच काठाने पुष्कळ खाली गेले म्हणजे मंचेरियल लागते. कोळशाच्या खाणी आणि काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग यांच्या आधाराने वाढलेले हे शहर २०१६ पर्यंत बासरप्रमाणेच आदिलाबाद जिल्ह्यात होते.

बासरचे विद्यापीठ जन्मले तेच तीन ठिकाणी: बासर, नूझवीड आणि इडुपुलपाया. दहावी उत्तीर्ण झालेल्या ग्रामीण मुलामुलींसाठी सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रम त्यात योजिला होता. एवढ्या विद्यार्थ्यांना सारख्याच योग्यतेने गणित आणि पदार्थविज्ञान शिकविणारे अध्यापक तीन आडवाटेच्या गावी कोठून आणावयाचे, हा प्रश्न प्रारंभीच उभा राहिला. संगणकशास्त्रातील १९९४ च्या ट्यूरिंग पुरस्काराचे एक मानकरी राज रेड्डी हे या विद्यापीठाचे पहिले कुलपती. पाठ एकदा उत्तम तयार करावा, तो संगणकावरून तिन्ही परिसरांत पोहोचवावा आणि विद्यार्थ्याजवळ मार्गदर्शक बसवावा, असा मार्ग काढण्यात आला. २०१४ मध्ये राज्याचे विभाजन झाले. बासर तेलंगणात आणि उरलेले दोन परिसर आंध्र प्रदेशात राहिले. सामायिक पाठामागे सामायिक कारभारही लागतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

अनेकांनी मिळून पाठ रचावयाचा ही कल्पना मात्र संगणकाहून जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा एकाच प्राध्यापकाने अभ्यासक्रम लिहावा ही रीत तेथे मोडण्यात आली. विषयाचे जाणकार, संपादक आणि बीबीसीचे निर्माते यांचा एक गट करावयाचा आणि एकाने लिहिलेल्या मसुद्यावर इतरांनी निर्भीड टीका करावयाची, असा तेथला परिपाठ. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबादेत १९८२ मध्ये निघाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ मध्ये आले.

यापुढचे मोठे पाऊल एनपीटीईएल या प्रकल्पाचे. २००३ मध्ये मुंबई, मद्रास, दिल्ली, कानपूर, खरगपूर, गुवाहाटी व रूरकी येथील तंत्रज्ञान संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था या कामासाठी एकत्र आल्या. विषय वाटून घेण्यात आले आणि पहिल्या टप्प्यात २०० हून अधिक अभ्यासक्रम तयार झाले. बहुतेक अभ्यासक्रम सुमारे ४० तासांच्या व्याख्यानांत बसविलेले होते.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की, कॅमेरा आणि दिवे मिळाले म्हणजे काम झाले. वस्तुतः खरे श्रम त्यापूर्वीचे असतात. उणे एकच्या वर्गमुळाला गणिताचा अध्यापक ‘आय’ म्हणतो; विद्युत-अभियांत्रिकीचा अध्यापक त्यालाच ‘जे’ म्हणतो, कारण ‘आय’ हे अक्षर त्याने विद्युत्‌प्रवाहासाठी राखून ठेविलेले असते. उष्णतेचे शास्त्र शिकविताना अभियंता यंत्राने केलेले कार्य धन मानतो, तर रसायनशास्त्रज्ञ पदार्थावर केलेले कार्य धन मानतो. दोघेही बरोबर असतात. परंतु दोन पाठ लागोपाठ ऐकणाऱ्या मुलाला वाटते, गुरुजींपैकी एक चुकला असावा! वर्गात बसलेला विद्यार्थी हात वर करून विचारील. पडद्यासमोरच्या विद्यार्थ्याला ती सोय नाही. म्हणून चिन्हे, संज्ञा आणि पाठांचा क्रम यांवर आधीच एकमत करावे लागते. विद्वानांचे एकमत म्हणजे काय, हे ज्यांनी विद्यापीठांच्या सभा पाहिल्या आहेत त्यांना सांगावयास नको. पाच वर्षांनी एखादी चूक आढळली तर ती दुरुस्त कोणी करावयाची, हेही लिहून ठेवावे लागते.

पाठ चांगला झाला तरी तो पदवीत धरला जाईल का, ही विद्यार्थ्याची खरी चिंता. २०१७ मध्ये केंद्र शासनाने ‘स्वयम्’ हे व्यासपीठ खुले केले. त्याआधीच, २०१६ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक २० टक्क्यांपर्यंत स्वीकारण्याची मुभा दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. म्हणजे मंचेरियलच्या एखाद्या खाण कामगाराची मुलगी, तिच्या महाविद्यालयात न शिकविला जाणारा विषय पवईच्या किंवा मद्रासच्या अध्यापकाकडे शिकू शकते आणि ते श्रेयांक तिच्या पदवीत मिळू शकतात. अट इतकीच की, तिच्या विद्यापीठाने तो विषय मान्य केलेला असावा. एखादा कागद वेळेवर पुढे सरकला नाही, तर तिचे एक सत्र वाया जाते.

भाषेची अडचण याहून अवघड. १९५६ पर्यंत आदिलाबाद आणि मराठवाडा हैदराबाद राज्यात एकत्र होते. त्या भागात आजही घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि पुस्तकात इंग्रजी अशी अनेक मुलांची स्थिती आहे. एनपीटीईएलने काही व्याख्यानांच्या संहिता मराठी व तेलुगूसह भारतीय भाषांत आणल्या आहेत. हे काम केवळ भाषांतरकारावर सोडून चालत नाही. विषयाच्या जाणकाराने प्रत्येक संज्ञा तपासावी लागते.

मुंबईच्या तंत्रज्ञान संस्थेत दीपक फाटक यांनी दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा जो उपक्रम चालविला, त्यात ही जाण दिसते. व्याख्यान पवईहून होत असे आणि शिक्षक देशभरच्या महाविद्यालयांतील केंद्रांवर बसून ते ऐकत. पण प्रत्येक केंद्रावरचा समन्वयक आधी पवईला येऊन तयार झालेला असे. आयोगाच्या २०१६ च्या नियमांतही विद्यार्थ्याच्या मूळ महाविद्यालयाने एक अध्यापक मार्गदर्शनासाठी नेमावा आणि प्रात्यक्षिकांची सोय करावी, असे म्हटले आहे. पाठ आठ संस्थांनी मिळून केलेला असो. ब्यूरेटमधून थेंब नेमका कधी थांबवावयाचा, हे मंचेरियलच्या प्रयोगशाळेतच, शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाने दाखवावे लागते.