घरातली यंत्रे – भाग ६ : मोटर लावा, पण फेरे मोजून
हातगिरणीला मोटर बसवायची म्हटले की पहिल्यांदा विचारले जाते ते, किती हॉर्सपॉवरची? माझ्या मते आधी विचारायला हवे ते मिनिटाला फेरे किती. परदेशात घरी बिअर करणारे लोक मोड आणून वाळवलेले जव दोन दातेरी रोलरांच्या गिरणीत भरडतात. त्यांना पीठ नको असते. आतला दाणा फुटावा आणि टरफल शक्यतो अखंड राहावे, कारण पुढे तेच टरफल गाळणीचे काम करते. आपल्याकडे परवान्याशिवाय मद्य तयार करणे १९४९च्या मद्यनिषेध कायद्याने गुन्हा आहे. तरी ज्वारीच्या कण्या किंवा गव्हाचा दलिया हवा असला, तर भरडण्याचे गणित तेच राहते.

आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारी साधी चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. ती थेट रोलरला जोडली तर दाणे रोलरात ओढले न जाता वरच नाचतात, आणि जे ओढले जातात त्यांचा चुरा होतो. मोटरवर २ इंची आणि गिरणीवर १६ इंची पुली बसवली, की फेरे १८० वर येतात. घर्षणात थोडे जाते ते सोडले तर फिरवण्याचा जोर जवळजवळ आठपट होतो. म्हणूनच अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटरही पुरते. ड्रिल मशीन लावून भागत नाही का? थोड्या धान्यापुरते भागते. पण ड्रिलला थंड ठेवणारा पंखा त्याच्याच दांड्यावर असतो. वेग उतरवून भार टाकला की वारा कमी, ताप जास्त, आणि शेवटी वायंडिंग जळते.

तयार घरघंटी असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. पोळ्यांच्या पिठासाठी घरघंटी उत्तमच. पण बहुतेक घरघंट्यांत वेगाने फिरणारी पाती दाण्यावर आपटतात, त्यामुळे मोठ्या भोकांची जाळी लावली तरी भरडीबरोबर पीठ पडतेच. नागपूरच्या मे महिन्यात तर हे जास्तच जाणवते. पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवा कोरडी ठक्क असते आणि टरफल काचेसारखे तडकते. अशा वेळी किलोभर धान्याला दोन चमचे पाणी चोळून थोडा वेळ ठेवावे. टरफल चिवट होते, आतला दाणा कोरडाच राहतो.

वर्ध्याच्या मगनवाडीतून अखिल भारत ग्रामोद्योग संघाने १९३४ नंतर हातदळणाचा आग्रह धरला. गिरणीच्या पिठाचा कस जातो, हे त्यांचे म्हणणे मला मनापासून पटते. कमी फेऱ्यांच्या गिरणीत धान्य फारसे तापत नाही आणि कोंडाही धान्याबरोबरच राहतो. पण पहाटेचे दळण बाईच्याच माथी होते, हे विसरून हाताच्या कष्टाचा गौरव करणे मला मान्य नाही. ते ओझे मोटरने उचलावे.

जोडणीत गिअरपेक्षा पट्टा बरा. धान्यात खडा आला तर पट्टा घसरतो, रोलरचे दाते वाचतात. म्हणून तो फार ताणू नये. पट्ट्यावर जाळीचे झाकण हवेच, कारण त्यात पदर किंवा ओढणी सहज ओढली जाते. आणि रोलर पूर्ण वेगाने फिरू लागल्यावरच वरून धान्य सोडावे.