बोर्डाला हात लागला म्हणजे बास्केट मिळतो का? बास्केटबॉलचा हा नियम समजून घ्या

वाशीम : समजा, कारंजा किंवा रिसोडच्या मैदानावर शालेय सामना सुरू आहे. एका गुणाची आघाडी, शेवटचे काही सेकंद. शॉट अडवायला उडी मारलेल्या खेळाडूचा तळहात बोर्डावर आपटतो आणि चेंडू रिंगवरून बाहेर पडतो. एक संघ 'बास्केट द्या' म्हणतो, दुसरा जल्लोष करतो. मग जिंकलं कोण?

नुसता स्पर्श गुन्हा नाही
आंतरराष्ट्रीय महासंघ 'फिबा'च्या नियमांतील कलम ३१ नुसार बोर्डाला हात लागणं हे आपोआप उल्लंघन ठरत नाही. चेंडू रिंगला टेकलेला असून आत जाण्याची शक्यता असताना कुणी बोर्ड, रिंग किंवा जाळीला हात लावला, तर मात्र उल्लंघन होतं. चेंडू अजून हवेत असताना हात लागला, तर पंच पाहतात ते बोर्डाच्या हादऱ्याकडे.

बोर्ड हलला तर?
हादऱ्यामुळे चेंडू आत जायचा राहिला, किंवा आत गेला, असं पंचांचं मत झालं तर शिट्टी वाजते. मैदानावरचा बोर्ड सैल असेल, तर साधा धक्काही निर्णायक ठरू शकतो. म्हणूनच सामन्याआधी बोर्डाचे नट-बोल्ट तपासणं दोन्ही संघांच्या फायद्याचं.

शिक्षा काय?
बचाव करणाऱ्याची चूक असेल, तर चेंडू आत न जाताही शॉटचे २ किंवा ३ गुण मिळतात. आक्रमकाची चूक असेल, तर चेंडू आत जाऊनही गुण नाही आणि ताबा प्रतिस्पर्ध्याकडे.

चेंडू बोर्डाला लागल्यावर?
शॉट बोर्डाला लागला, चेंडू पूर्णपणे रिंगच्या पातळीच्या वर आहे आणि आत जाऊ शकतो. अशा वेळी चेंडूलाच हात लावणं म्हणजे 'गोलटेंडिंग'. रिंग असते ३.०५ मीटर उंचीवर.

नियम आला कुठून?
जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेत हा खेळ सुरू केला, तेव्हा बोर्ड नव्हता. गॅलरीतले प्रेक्षक चेंडूला हात घालायचे, म्हणून बोर्ड आला. पण चेंडू काठावर असताना बचाव करणाऱ्याने टोपली हलवली तर गोल द्यावा, हे त्यांच्या मूळ १३ नियमांतच होतं.

थोडक्यात, पुढच्या वेळी हात बोर्डाला लागला की आधी चेंडूकडे बघा. तो रिंगवर नसेल आणि बोर्डाच्या हादऱ्याने त्याची वाट बदलली नसेल, तर खेळ सुरूच राहतो.